लाल पट्टी

कोड कुठल्या एडिटरात लिहायचा, यावरून आमच्या कंपालातल्या ऑफिसात असं भांडण जुंपलं की ऐकणाऱ्याला वाटावं, भावाभावांत जमिनीची वाटणी चाललीय.

आमचं काम बाळंतपणासाठी रुग्णवाहिका पाठवण्याचं. बाईने मेसेज टाकला की आमचा प्रोग्रॅम जवळची गाडी सोडायचा. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कयोंगोला नवा एडिटर हवा होता. त्यात एखादी ओळ लिहून बटण दाबलं की ती चालू प्रोग्रॅममध्ये तिथल्या तिथे चालायची आणि उत्तर शेजारीच दिसायचं.

"नाकिमुली, तुझ्या जुन्या एडिटरात एक टेस्ट होईपर्यंत माझी अंडा-चपाती खाऊन होते," तो मला म्हणाला.

"मग खा ना सावकाश. ठसका तरी लागणार नाही."

"तू टेस्टिंग करतेस की रविवारचं प्रवचन?"

माझं मागणं एवढंच होतं की, स्क्रीनवर टेस्टची खिडकी आणि खऱ्या सेवेची खिडकी सारखी दिसू नये. खरीच्या डोक्यावर लाल पट्टी असावी. आमचे वरिष्ठ सेबुन्यासाहेब म्हणाले, "पट्टीचं नंतर बघू." या 'नंतर'ची मला अजून चीड येते. कयोंगो जिंकला.

टेस्टला खोटी गरोदर बाई लागते. कयोंगोच्या बायकोचे, नाबुकेन्याचे दिवस भरत आले होते, म्हणून सगळेच गमतीने तिचं नाव आणि राहायची वस्ती टाकायचे: नाबुकेन्या, कसुबी, कळा सुरू. टेस्ट झाली की नोंद पुसायची. ती एकदा भाजलेले शेंगदाणे घेऊन ऑफिसात आली तेव्हा तिला हे कळलं.

"मेल्यांनो, रोज किती वेळा बाळंत करता रे मला?" ती पोट धरून हसली.

"हसू नकोस, नीट ऐक," कयोंगो म्हणाला. "वेळ आली की मला फोन करत बसू नकोस. सरळ सेवेला मेसेज टाक. गाडी माझ्याआधी पोचेल."

त्या गुरुवारी खऱ्या सेवेत काहीतरी बिघडलं होतं, म्हणून कयोंगोने दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या होत्या. दुपारी बिघाड सापडला. तो टेस्टच्या नोंदी साफ करू लागला, तेवढ्यात एक नवी ओळ उमटली: नाबुकेन्या, कसुबी, कळा सुरू, खूप रक्त जातंय.

"रक्त कोणी घातलं रे? मोठे कलाकार झालात!" तो ओरडला. सगळे हसले. त्याने पुसण्याची ओळ लिहिली आणि बटण दाबलं. नवा एडिटर चटपटीत होता. पण खिडकी खऱ्या सेवेची होती. नोंद तिथल्या तिथे गेली, आणि तिच्याबरोबर निघालेली गाडीही अर्ध्या वाटेवरून परत फिरली.

संध्याकाळी नाबुकेन्याच्या शेजारणीचा फोन आला. कयोंगो पोचेपर्यंत आई आणि मूल दोन्ही गेली होती.

दुसऱ्या दिवशी सेबुन्यासाहेबांनी स्वतः बसून लाल पट्टी टाकली. चहा निवायच्या आत झाली. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

कयोंगोच्या गावी, मसाकाला, घरच्या केळीच्या बागेत दोघांना पुरलं. माती लोटून झाल्यावर शेजारीण कयोंगोपाशी आली. तिला आमच्या खिडक्यांचं काहीच माहीत नव्हतं.

"मी मोटरसायकलवाला दारात आणून उभा केला होता, बाबा," ती म्हणाली. "पण ती बसेचना. गाडी निघाल्याचा मेसेज दाखवला मला. म्हणाली, हे माझ्या नवऱ्याचं काम आहे, गाडी येणारच."