करकोच्याच्या पानावर नसलेली ओळ

मी मुलांच्या निसर्ग-मासिकाचा एक जुना अंक बोलतोय. अंक मार्च महिन्याचा आहे. माझ्या मुखपृष्ठावरच्या करकोच्याला डोकं नाही. तिथे एकदा लाल मिरच्यांच्या चटणीची बरणी ठेवली होती, ती उचलली तेव्हा डोकं बरणीच्या बुडाला चिकटून गेलं. मागच्या पानावर बेडकाचं कोडं आहे, ते अर्धंच सोडवलेलं आहे.

माझा जन्म प्लोव्दिव शहरातल्या छापखान्यातला. माझी पुष्कळ भावंडं एकाच सकाळी जन्मली. सगळ्यांच्या पोटात तेच होतं: कोल्ह्याची पिल्लं, मारित्सा नदीकाठची कासवं, आणि मधल्या दोन पानांवर घरट्यात उभा असलेला पांढरा करकोचा. मग आमचे गठ्ठे बांधले आणि आमची ताटातूट झाली. मी बसस्थानकावरच्या एका टपरीत सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्यांशेजारी टांगला गेलो.

तिथून मला एका बापाने घेतलं. तो त्याच दिवशी स्पेनला निघाला होता, स्ट्रॉबेरीच्या शेतांवर कामाला. बस सुटायच्या आधी त्याने मला थोरल्या मुलाच्या हातात दिलं. "ल्यूबेन, धाकट्याला वाचून दाखव. रडला तर चित्रं दाखव." ल्यूबेनने मला शर्टाच्या आत घातलं. गावाच्या बसमध्ये मी त्याच्या पोटाला चिकटून बसलो होतो. तो रडला नाही. पण त्याचं पोट सारखं हलत होतं.

माणसं मासिकं कशी वाचतात हे मला तिथे कळलं. लहान मुलं शेवटच्या पानापासून सुरू करतात. मोठी माणसं बोट ओलं करून पान उलटतात, मग माशी दिसली की त्याच पानाने माशी मारतात. ल्यूबेन मात्र मला टेबलावर उघडा ठेवायचा, दोन्ही हात पुसायचा आणि वाचायला लागायच्या आधी खाकरायचा. धाकटा यान्को त्याच्या कोपराला टेकून बसायचा.

यान्कोला अक्षरांचा कंटाळा होता. शाळेत त्याचं डोकं खिडकीबाहेर असायचं. पुढे तो शाळा सोडून गावच्या शेळ्या राखायला लागला. त्याला वाचायची गरजच नव्हती, वाचायला त्याचा बाते होता. गावात थोरल्या भावाला बाते म्हणतात.

"बाते, करकोचा वाच."

"काल वाचला की."

"काल तू जांभया देत वाचलास. ते धरत नाहीत."

त्यांच्या घरासमोरच्या विजेच्या खांबावर करकोच्यांचं घरटं होतं. म्हणून माझं मधलं पान त्या दोघांना शेजाऱ्यासारखं वाटायचं. त्या पानावर छापलंय की करकोचे आफ्रिकेत हिवाळा काढतात, वसंतात त्याच घरट्यात परततात आणि चोच वाजवून जोडीदाराला भेटतात. मजकूर तिथे संपतो.

ल्यूबेन मात्र तिथे थांबायचा नाही. छापील ओळींवरून बोट फिरवत तो पुढे वाचायचा, "करकोचा परत आला की आधी खालच्या घरातली माणसं मोजतो. जेवढी माणसं, तेवढ्यांदा चोच वाजवतो. कुणी लांब गेलं असेल तर त्याच्या वाटचीही वाजवतो. घरातल्या कुणालाच तो सोडत नाही."

हे वाक्य माझ्यात नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चपापलो. मग पाहिलं, यान्को बोटांवर मोजत होता. आई, बाते, आपण आणि स्पेनमधला बाप. मोजून झाल्यावर तो निवांत झोपला. बाप परत आला नाही. पण दर वसंतात यान्को खांबाखाली उभा राहून ऐकायचा, आणि करकोचे एवढा खडखडाट करतात की त्यात कुणाचाही आकडा बसतो.

ती मुलं मोठी झाली. मला वाटलं, आता माझी रवानगी चुलीत. पण ल्यूबेनने मला त्याच्या जाड कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. ल्यूबेन कामाला होता त्या द्राक्षमळ्यावर जेवणाच्या सुट्टीत दोघे बांधावर बसायचे आणि यान्को पावाला चीज लावत म्हणायचा, "काढ त्याला बाहेर." दोघांच्याही दाढ्या फुटल्या होत्या. लाज दोघांनाही वाटत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मळ्याच्या उतारावर ट्रॅक्टर उलटला. ल्यूबेन त्याच्याखाली गेला. त्या दिवशी ऊन होतं म्हणून त्याने कोट काढून घरीच ठेवला होता. मी खुंटीवर होतो. संध्याकाळी कोट न्यायला कुणी आलं नाही.

चाळिसाव्या दिवशी त्या घराने रीत पाळली. थडग्यावर वाइन ओतली, गोड केलेले उकडलेले गहू वाटले आणि मेलेल्याच्या वस्तू शेजाऱ्यांना दिल्या. इकडे ज्याच्या हातात वस्तू पडते, त्याच्यामार्फत ती तिकडे पोचते असं ही माणसं मानतात. घेणारा म्हणतो, देव त्याला क्षमा करो. दिलेलं परत मागत नाहीत. आईने कोट शेजारच्या देलका मावशीला दिला. बिचाऱ्या आईने खिसे चाचपलेच नाहीत. तिला त्या कोटाला फार वेळ हात लावायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी यान्को देलका मावशीच्या घरी धडकला. ती तोच कोट घालून कोंबड्यांना दाणे टाकत होती. पाठमोरा कोट पाहून तो फाटकातच थांबला.

"मावशी, कोट राहू दे. त्यातलं मासिक दे."

"आत ये आधी. गाढवासारखा उभा राहू नकोस."

"मला ते पाहिजे. करकोचा या वर्षी बातेच्या वाटची चोच वाजवणार आहे. तसं त्यात छापलंय. मला ते ऐकायचंय."

देलका मावशी हळूच म्हणाली, "बाळा, ते त्याच्या नावानं दिलंय. मी परत केलं तर तिकडे त्याच्या हातातून जाईल."

"म्हणजे आता ते त्याच्याकडे आहे?"

"आहे."

यान्को पायरीवर बसला. "तो तिकडे वाचत असेल आणि मी इथे."

तोवर मी खिशातून निघून मावशीच्या नातीच्या, रालित्साच्या मांडीवर पोचलो होतो. तिचे आईबापही परदेशात कामाला आहेत. मावशीने तोड काढली. न्यायचं नाही, पण इथे बसून ऐकायला काय हरकत आहे?

"एवढा मोठा झालास आणि तुला वाचता येत नाही?" रालित्साने विचारलं.

"येतं. पण मी वाचलं की शेळ्या झोपतात."

रालित्साने स्वच्छ आवाजात मधलं पान वाचलं. आफ्रिका, वसंत, जोडीदार. आणि थांबली.

"पुढचं वाच."

"पुढे नाही काही."

"आहे. माणसं मोजतो ते. घरातल्या कुणालाच सोडत नाही ते."

"नाहीये. हे बघ, इथे पान संपतं."

यान्कोने मला हिसकावलं. ओळींवर बोट ठेवून, ओठ हलवत, शेवटपर्यंत गेला. मग पुन्हा गेला. मला आयुष्यात एवढं लाजिरवाणं कधी वाटलं नव्हतं. माझ्याकडे कोल्हे होते, कासवं होती, बेडकाचं कोडं होतं, आणि त्याला हवी ती एक ओळ नव्हती. "खोटं वाचायचा," तो म्हणाला, आणि रागाने पान ओढलं. कोपरा फाटला. करकोच्याचा एक पाय त्याच्या मुठीत गेला. तो तसाच निघून गेला.

मार्च आला. गावभर लोकांनी मनगटांवर लाल-पांढरे दोरे बांधले. पहिला करकोचा दिसला की ते दोरे सोडून फुललेल्या झाडाला बांधायचे. सगळे आभाळाकडे बघत होते. यान्कोच्या मनगटावर दोरा नव्हता. तो मान खाली घालून शेळ्यांमागे चालायचा. करकोचा दिसायलाच नको होता त्याला.

एका दुपारी रालित्सा मला छातीशी धरून धावत खांबाखाली गेली. घरट्यात करकोचा उतरला होता. यान्को शेळ्या घेऊन तिथूनच जात होता.

"थांब ना. मी वाचते, मग तू तुझं म्हण."

"माझं काय?"

"पान संपल्यावरचं. माझ्या आईला पण मोजतो का तो? ती स्पेनमध्ये आहे, व्हॅलेन्सियात."

यान्को थांबला. तिने छापलेलं सगळं वाचलं आणि त्याच्याकडे पाहिलं. वर करकोच्याने मान मागे टाकली आणि चोच वाजवायला सुरुवात केली. रालित्सा बोटांवर मोजायला लागली.

तेव्हा यान्को खाकरला. अगदी तसाच. मला वाटलं, कोटाचा धनी परत आला.

"करकोचा परत आला की आधी खालच्या घरातली माणसं मोजतो," तो म्हणाला. त्याने शेवटपर्यंत म्हटलं. "घरातल्या कुणालाच तो सोडत नाही."

नंतर आमच्याबरोबर अंगणात येऊन त्याने खिशातून तो फाटका पाय काढून देलका मावशीपुढे धरला. "हे चुकून आलं. त्याला तिकडे कमी पडत असेल."

"राहू दे तुझ्याकडे," मावशी म्हणाली. "ते आता मी दिलंय."

आता मी तिच्या खिडकीत असतो, रालित्साच्या वह्यांखाली. कागद पिवळा पडलाय, पिना गंजल्यात. शनिवारी यान्को येतो, हात पुसतो, कोपराशी रालित्साला जागा देतो. मला अजून ल्यूबेनच्या आवाजाची सवय आहे. पान उघडलं की मी क्षणभर त्याचीच वाट बघतो.

तुमच्या घरात माझं एखादं भावंड पडलं असेल तर ते कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि मजकूर संपला तरी लगेच मिटू नका. माझ्या करकोच्याचा एक पाय यान्कोकडे आहे. काळजी नको. करकोचे एका पायावर उभे राहून खूप वेळ वाट पाहू शकतात.