तिसऱ्या मजल्यावरचं बीपी

डॉक्टरांनी सहीसाठी पेन उघडलं, तेव्हा मी फॉर्मवर तळहात ठेवला.

बाळंतपणाच्या रजेनंतर शाळेत रुजू व्हायचं तर फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आणि मी तर पीटीची बाई. सिस्टरनं नियमाप्रमाणे दहा मिनिटं बसवून बीपी घेतलं होतं. शंभर-साठ. डॉक्टर खूश. खेळाडूंचं असंच कमी असतं, म्हणाले, चारशे मीटर धावायचात ना, त्याचीच ही कमाई. ईसीजीतला थोडासा फरकही त्यांनी त्याच खात्यात टाकला.

मी छातीचं सांगितलं. घरी चौथ्या मजल्याच्या अलीकडे छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं दडपण येतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. दोनदा झालं. दुसऱ्या वेळी सात महिन्यांची लेक कडेवर होती. तिला घट्ट धरून मी पायरीवरच बसकण मारली.

यावर डॉक्टरांनी झोप किती होते ते विचारलं. आई झाल्यावर मन जरा हळवं होतं, असं समजुतीनं म्हणाले. सोबत आलेल्या सासूबाईंनी मान डोलावली. त्यांचाही दोष नाही. लेक झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बघते. घरात माझं नावच 'चौकशी खिडकी' पडलंय. पण काळजी करणाऱ्या बाईला खरं काही दुखतच नाही, असं थोडंच आहे?

"सही नको," मी म्हटलं. "आधी बीपी घ्या."

"आत्ताच घेतलं की."

"बसवून घेतलंत. बसून मला काहीच होत नाही. मी तुमचा जिना चढते, सिस्टरनी मशीन घेऊन तिसऱ्या मजल्यावर थांबावं."

बाहेर पेशंट खोळंबलेत, ते म्हणाले. मी हात काढला नाही.

सासूबाईंनी लेकीला माझ्याकडून घेतलं. "शाळेत जायला महिनाभर उतावीळ झालीये ही," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "आणि आता सही नको म्हणते. म्हणजे काहीतरी असणारच. घ्या बरं बीपी."

शेवटी डॉक्टरही सोबत आले, बहुधा विषय मिटवायला. पहिला मजला. दुसरा. काही नाही. माझाच विश्वास डळमळला. तिसऱ्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर तो गुडघा आला आणि मी कठडा धरला.

सिस्टरनं पट्टा फुगवला. पुन्हा फुगवला. मशीन बिघडलं वाटतं, म्हणाली. डॉक्टरांनी स्वतः घेतलं. ऐंशी-पन्नास.

"चढल्यावर वाढायला हवं होतं," ते हळूच म्हणाले. मला उभीच ठेवून त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले. "याआधी कुणी असं उभं करून तपासलं होतं?"

"सगळ्यांनी बसवलं."

ते ओशाळले. हृदयातून रक्त बाहेर पडायच्या वाटेत अडथळा असू शकतो, असला तर उपाय आहेत, पण हृदयाची सोनोग्राफी उद्याच. तोवर धावणं बंद, जिने बंद. खाली येताना ते माझ्या एक पायरी पुढे, मागे बघत बघत उतरले.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आज मुक्काम माझ्या बहिणीकडे," त्या म्हणाल्या, "तिचं घर तळमजल्यावर आहे. चौकशी मात्र तिथेही चालू ठेव."

डॉक्टरांनी फॉर्मवर 'अनफिट' लिहिलं. शाळेत असताना खेळात मला एवढा वाईट शेरा कधी मिळाला नव्हता. मी तो दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि ताठ मानेनं, हळूहळू चालत बाहेर पडले.