शरफुन्निसाची बाजू

कोर्टाच्या पायऱ्यांवर मुस्तफाभाई आमची वाट बघत होते. एरवी ते आत बाकावर बसलेले असत, चहाचा कागदी कप घेऊन. त्या दिवशी बाहेर उन्हात उभे होते आणि हातात काही नव्हतं.

मी यान्बूहून हारूनला घेऊन मदिन्याला आलो होतो. फार मिनतवारीनंतर तो साक्ष द्यायला तयार झाला होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. वाटेत त्याला ओकारी आली म्हणून गाडी थांबवावी लागली होती. पण आला होता. मी लांबूनच ओरडलो, "लेके आया हूँ, मुस्तफाभाई! बोलेगा ये आज."

त्यांनी माझा हात धरला. "वहाबभाई, आज तारीख नहीं होगी."

"क्यों? वकील नहीं आया?"

"वकील अंदर है. भाभी की तबियत जेल में सुबह फज्र के वक़्त बिगड़ी. अस्पताल ले गए थे. दिल का दौरा था. नहीं रहीं."

मी म्हटलं, "लेकिन ये तैयार है बोलने को."

असं का म्हटलं ते मला अजून कळत नाही. मी तेच वाक्य परत म्हटलं. हारून पायरीवर बसला आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत घेतलं.

मी सौदीत यान्बूला एका कंपनीची बस चालवतो. कामगारांना कॅम्पवरून प्लँटवर न्यायचं आणि परत आणायचं. लग्न झालं तेव्हापासून मी इकडे आणि शरफुन्निसा दापोलीजवळच्या आमच्या गावात. आमचा संसार सुट्ट्यांमध्ये झाला. मुलगी इफरा झाली तेव्हाही मी इथेच होतो. शरफुन्निसाची एकच इच्छा होती, उमरा करायचा, मक्केची यात्रा. यंदा थंडीत व्हिजिट व्हिसा मिळाला. पहिल्यांदा विमानात बसणार होती, म्हणून आधीच्या आठवड्यात रोज फोन करून विचारत होती, "आतमध्ये नमाजाला जागा असते का?"

आमच्याकडे कुणी सौदीला निघालं की बॅग त्याची राहत नाही. मोहल्ल्यातून एकेक जण येतो. कुणाचं सुकं, कुणाचा मसाला, कुणाच्या नवऱ्याच्या लुंग्या. नाही म्हणता येत नाही. आपल्या घरच्या वस्तूही अशाच कुणाकुणाच्या बॅगांतून इथवर आलेल्या असतात. माझ्यापर्यंत कोकमाचं आगळ गेली कित्येक वर्षं असंच पोचलं आहे.

हारून आमच्या मोहल्ल्यातला. तोही यान्बूतच, परांचीच्या कामावर. उंचावरून पडल्यापासून त्याची कंबर धरलेली. गावच्या दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांनी त्याला बरं वाटायचं, त्या इथे मिळत नाहीत. त्याची बायको शबनम त्या गोळ्यांचे खोके घेऊन शरफुन्निसाकडे आली. "चाची, एवढा घेऊन जा. कंबरेनं झोपत नाय तो."

शरफुन्निसानं घेतले. बॅगेचं वजन जास्त होत होतं म्हणून खोके काढून टाकले आणि गोळ्यांच्या पट्ट्या तांदळाच्या पिठात पुरल्या. मोडू नयेत, चेपू नयेत म्हणून. ती फुटण्यासारखं सगळं पिठातच पाठवायची. गावाहून मला बरणी यायची ती पिठात, इफराच्या बांगड्या मुंबईला गेल्या त्या पिठात. त्याच पिशवीत, त्याच गोळ्यांच्या शेजारी, माझा नवा चष्मा होता.

मदिन्याच्या विमानतळावर पिशवी फोडली. त्या गोळ्या इथे नशेच्या पदार्थांत मोडतात. आणि त्या खोक्यांत नव्हत्या, पिठात होत्या. म्हणजे लपवलेल्या.

मी बाहेर बस लावून उभा होतो. सगळी विमानं उतरली, लोक फुलं घेऊन आले आणि गेले. शेवटी मीच आत विचारायला गेलो.

तिला विचारलं, गोळ्या तुझ्या आहेत का. ती म्हणाली, माझ्या नाहीत, दुसऱ्याला द्यायच्या आहेत. कुणाला, तर म्हणाली, गावच्या एका पोराला.

हेच तिला भोवलं. वकिलानं मुस्तफाभाईंमार्फत मला समजावलं. ते वकील अरब, त्यांना उर्दू येत नाही. मुस्तफाभाई हैदराबादचे, आपल्या लोकांच्या कामांना धावून येतात. वकील म्हणाले, स्वतः खायला आणल्या असत्या तर गुन्हा एक. दुसऱ्याला द्यायला आणल्या म्हणजे वाटप, तो गुन्हा वेगळा, त्याची शिक्षा मोठी.

मी म्हटलं, "उसने सच बोला इसलिए?"

मुस्तफाभाईंनी ते विचारलंच नाही. मला म्हणाले, "जाने दीजिए वहाबभाई. चश्मे वाली बात बताइए इनको."

चष्म्याचं ऐकून वकील पहिल्यांदा पुढे झुकले. चष्मा कुणी लपवून आणतं का? नाही. मग पिठात ठेवणं म्हणजे लपवणं नव्हे, ती या लोकांची बांधण्याची रीत. हे न्यायाधीशांना पटवता येईल, ते म्हणाले. मी इफराला सांगून गावातल्या बायकांचे व्हिडिओ मागवले. एका व्हिडिओत चार-पाच जणी पिठात अंडी पुरताना हसत होत्या. एक म्हणत होती, "हाकिमांना सांगा, आमची अंडीपण गुन्हेगार हायत." वकिलांना अर्थ सांगितल्यावर तेही हसले. मग म्हणाले, पिठाचं होईल. पण वाटपाचं राहतं. ज्याला द्यायच्या होत्या त्यानं स्वतः येऊन सांगायला हवं, की या माझ्या, माझ्या कंबरेसाठी, आणि या बाईला त्यातलं काही माहीत नव्हतं. नवऱ्याच्या तोंडचं चालत नाही. नवरा बायकोसाठी काहीही बोलेल.

तुरुंगात भेट काचेआडून, फोनवर. ती मला बघून म्हणाली, "काळे झालात. जेवता का नाय?"

"हारूनचं नाव सांग तू त्यांना."

"सांगून काय? त्यालापण आत घेतील. शबनमची पोरं शाळेत जातात अजून."

"आणि तू?"

"मना कोण मारतंय इथे? माझी शुगरची गोळी वेळेवर देतात, घरी मीच विसरायचे. एक सोमाली बाई हाय, तिला भाकरी थापायला शिकवते."

"पीठ कुठे मिळतं?"

"पीठ कशाला? पिठाचं नाव काढू नका आता." आणि ती हसली. "नुसत्या हातानं दाखवते. तिचा हात चांगला हाय."

मी चिडलो. म्हटलं, "तेव्हा माझ्या कंबरेसाठी आणल्या म्हणाली असतीस, तर एव्हाना घरी असतीस."

"उमऱ्याला निघालेली बाई खोटं बोलंल काय, इफराचे अब्बा? एहराम बांधायची तयारी करून खोटं बोलायचं?" मग आवाज खाली करून म्हणाली, "त्याला जोर करू नका. आपणहून आला तर येऊ दे."

मी ऐकलं नाही. शुक्रवारी हारूनच्या खोलीवर जाऊन बसायचो. खोलीत पलंगावर पलंग, खाली चपला, खिडकीत वाळत घातलेले कामाचे कपडे. तो माझ्यासाठी चहा करायचा आणि माझ्याकडे न बघता पुढे ठेवायचा.

"चाचा, मी नाय म्हणत नाय. पण तिथे उभा रायलो की बेड्या पडतील. इकामा, इथे राहायचा परवानाच जाईल, मी जाईन."

वरच्या पलंगावरून दीनानाथ नावाचा माणूस बोलला, कोकणातलाच, रायगडचा. "गोळी खाल्ल्यावर तुझी कंबर सरळ व्हायची, हारून. आता बाईसाठी उभं राहायचं तर वाकलास होय?"

"तू गप रे. तू पण मागून खायचास."

दीनानाथनं भिंतीकडे कूस वळवली. मला तेव्हा कळलं की गोळ्या एकट्या हारूनच्या कंबरेत जात नव्हत्या. कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा. तो सगळ्यांना द्यायचा. पैसे घेऊन नाही, तसंच, जसा आपण मसाला देतो.

मी हे वकिलांना सांगितलं नाही. मुस्तफाभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "ये अदालत में बोला तो बाँटने का जुर्म पक्का. मत बोलना."

शेवटी शबनमनं त्याला फोनवर सांगितलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, पुढल्या तारखेला घेऊन चला मना."

मी शरफुन्निसाला भेटीत ते सांगितलं. ती खूश झाली नाही. म्हणाली, "त्याला न्याहारी देऊन आणा. उपाशी माणूस कोर्टात चक्कर येऊन पडतो." ती आमची शेवटची भेट.

कागदपत्रांत दिवस गेले. मग मदिन्यातच दुपारच्या असरच्या नमाजानंतर जनाजा झाला. तिला ओळखणारे आम्ही तिघंच होतो, मी, मुस्तफाभाई आणि हारून. पण खांदा द्यायला न ओळखणारी माणसं धावत आली, कुठकुठल्या देशांतली. एकमेकांना बाजूला सारून खांदा देत होती. मला माझ्याच बायकोच्या जनाज्याजवळ जाता येईना. हारून पुढे होता. मी त्याला 'बाजूला हो' म्हणालो नाही. कबरीत उतरायच्या वेळी त्यानं माझा हात धरून मला खाली सोडलं.

गावाहून फोन येत राहिले. "नशीबवान बाई. मदिन्याची माती कुणाला मिळते?" सगळे हेच म्हणत. मी हो म्हणायचो. आणि फोन ठेवायच्या आधी त्यातलाच कुणीतरी आवाज खाली करायचा. "वहाबभाय, ता गोळ्यांचा काय होता? इकडे लोक कायकाय बोलतात."

इफरा रडली नाही, चिडून बोलली. "अब्बा, सासूबाय म्हणतात तुझी माँ नशेच्या गोळ्यांचा धंदा करायची. माझ्या पोरीसमोर म्हणतात. कोर्टाचा निकाल पाठवा. एकदा दाखवते त्यांना."

मी वकिलांच्या ऑफिसात गेलो. मुस्तफाभाई बरोबर होते. मी म्हटलं, निकाल हवा.

वकील उठून उभे राहिले, छातीला हात लावून माझं सांत्वन केलं, मग बसून सावकाश बोलले. मुस्तफाभाई सांगत गेले. "मुलज़िम का इंतक़ाल हो गया तो मुक़दमा बंद. फ़ाइल बंद."

"मतलब छूट गई?"

"नहीं. न छूटी, न सज़ा हुई. बस, खलास."

"तो उनसे बोलिए हारून को सुन लें. एक बार. लिख लें."

मुस्तफाभाईंनी ते अरबीत सांगितलं. वकिलांनी एक प्रश्न विचारला. मुस्तफाभाई मला सांगायला कचरले.

"क्या बोले?"

"पूछ रहे हैं, किसके लिए?"

मी म्हटलं, "तिच्यासाठी." मराठीतच म्हटलं. मुस्तफाभाईंनी ते अरबीत सांगितलं की नाही, मला कळलं नाही. वकिलांनी परत छातीला हात लावला. बाहेर दुसरा माणूस बसला होता, त्याचा मुलगा तुरुंगात होता.

हारून पुढच्या महिन्यात कायमचा गावी निघाला. मीच त्याला बसनं विमानतळावर सोडलं. त्याच्या हातात एकच बॅग होती, कुणाचंच सामान घेतलं नव्हतं. उतरताना म्हणाला, "चाचा, मी बोललो असतो. खरंच बोललो असतो."

"माहीत हाय."

"गावात लोकांना सांगू मी?"

"सांग," मी म्हटलं.

गावी पोचून त्यानं कुणाला काही सांगितलं का, ते मी विचारलेलं नाही. शबनम इफराला भेटायला गेली नाही, एवढं कळलं.

शरफुन्निसाच्या नावानं उमरा मी केला. तो दुसऱ्यानं केला तरी चालतो, मौलवींनी सांगितलं. मक्केला जाऊन तिचं नाव घेऊन केला.

साक्ष दुसऱ्यानं देऊन चालत नाही. हारूनची साक्ष झालेली नाही, आणि शरफुन्निसा निर्दोष होती असं कुठल्याही कोर्टानं अजून म्हटलेलं नाही.