चावडीतला लाल टिपका

"आये, बॅटरीला दोन खुंट्या हायत. लाल तार लाल टिपक्याच्या खुंटीला, काळी दुसरीला. उलटं झालं तर यंत्र कायमचं मुकं. टिपका पुसलाच, तर दोनी खुंट्यांस्नी तांब्याच्या तारा बांध अन् टोकं कच्च्या बटाट्यात खुपस. जिच्याभवती बटाटा हिरवा पडंल, ती लालाची खुंटी. पर तार तूच लावायची. शब्द दे."

रजा संपवून पलटणीत परतताना अर्जुनानं असं बजावलं, आणि बनुबाईंनी शब्द दिला. रेडिओ त्यानंच रहिमतपुराजवळच्या आपल्या गावाला, चावडीत ठेवायला आणलेला. आता पत्र आलं होतं: खंडेनवमीला दिवेलागणीच्या फौजी कार्यक्रमात माझा आवाज ऐक.

पण नवमीला हत्यारं पुजायची, आणि हंबीरराव पाटलांच्या मते गावातलं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे रेडिओ. पूजेआधी हत्यार घासायचं ही तर रीतच. पाटलांचा गडी गुंडा, त्यानं तारा काढून बॅटरीच्या पितळी खुंट्या चिंचेनं लखलखीत घासल्या. टिपकाही चिंचेबरोबर गेला. मग पाटलांनी दोन्हींना कुंकू लावलं. एकीलाच लावून दुसरीला कसं दुखवायचं?

"आता लाल कंची रं?" पूजेला जमलेल्यांतल्या सयाजीनं विचारलं.

"दोनी लाल हायती की!" गुंडा म्हणाला.

पाटलांनी मिशीला पीळ दिला. "माझ्या अंगाची लाल. पाटलाच्या बाजूला काळं बसंल व्हय?"

साऱ्या चावडीनं माना डोलावल्या.

दारातून बनुबाई हळूच म्हणाल्या, "आवं पाटील, अर्जुनानं मला दाखवलंया. बटाटा लागंल."

"बटाटा?" चावडी खदखदली. पाटील म्हणाले, "काकी, तुमचा उपास हाय, तुमी खावा बटाटा. माझं भाषण झालं की मी लावतो तार."

भाषण चार पानांचं होतं. पाटलांना देवीनं वाचा भरपूर दिलेली; ती कधी आवरायची, तेवढं ऐकणाऱ्यांच्या सोसण्यावर सोडलेलं.

वाद घालणं बनुबाईंच्या स्वभावात नव्हतं. घरी येऊन त्यांनी देवीपुढच्या नंदादीपात तेल घातलं, हात जोडले. फराळाला एकच बटाटा उरला होता. तो घेतला, ट्रंकेतून अर्जुनानं ठेवलेल्या दोन तारा काढल्या. बाहेर पारावर पाटलांचं पहिलं पान सुरू झालं होतं आणि सारा गाव तिथं बसला होता. बटाटा पदराखाली धरून बनुबाई चावडीच्या मागच्या दाराकडं निघाल्या.