कुशीतला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना चेंडू आहे. अंगाने लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. खाली पडलो की कुठे उडेन याचा मलाही भरवसा नसतो. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या सामानखोलीत मी पडून असतो. आमच्या फुटबॉलमध्ये मला पायाने कमी मारतात आणि छातीशी धरून जास्त पळवतात.

कारखान्यात माझे कातडे उलटे शिवले आणि मग वाफ देऊन मला सुलटे केले. ते दुखणे अजून आठवते. नवा होतो तेव्हा सामन्यांत मिरवलो, टाळ्या ऐकल्या. पुढे कातडे गुळगुळीत झाले आणि माझ्या नशिबी शिक्षेचे काम आले.

आमच्या संघाची रीत अशी, की सरावात ज्याच्या हातून चेंडू सुटेल त्याने तो सामन्यापर्यंत सतत जवळ बाळगायचा. वर्गात, जेवताना, झोपेतसुद्धा. दुसऱ्या कोणी तो पळवला, तर याची सामन्यातली जागा गेली.

ओडेल प्रुइट चेंडू घेऊन पळणारा गडी. सामन्यात सुरुवातीलाच उतरायच्या पहिल्या जागेसाठी तीन हंगाम तो बाकावर बसून राहिला होता. शेवटच्या वर्षी ती आपली असे त्याने धरले, तर ट्रेमेन नावाचा नवा पोरगा आला. वाऱ्यासारखा पळायचा. कोच हॅन्शॉ म्हणाले, "शनिवारी दोघांतला एकच पहिला उतरेल." आणि त्याच सरावात, ओल्या गवतावर, मी ओडेलच्या हातून निसटलो.

मग काय, पोरांना खेळच मिळाला. "काय रे ओडेल, बाळाला दूध पाजलंस का?" ओडेल हसायचा आणि एका हाताने मासा-भात खायचा. जिन्यात, दाराआड दबा धरून पोरे झडप घालायची, पण त्याची पकड ढिली झाली नाही. इतक्या मायेने मला कधीच कोणी धरले नव्हते. त्या टाळ्या मी विसरून गेलो.

शुक्रवारी त्याची आई आली. कोंबड्या कापायच्या कारखान्यात ती कामाला होती, शनिवारची सुट्टी कधी मिळायची नाही. लेकाला पहिला उतरताना बघायचे म्हणून या वेळी पाळी बदलून, रताळ्याचे सारण भरून भाजलेला 'पाय' नावाचा गोड पदार्थ घेऊन ती बसने आली होती. ओडेलने तिला एका हाताने जवळ घेतले.

"हे काय रे? मी काय शेजारीण आहे? नीट भेट की!"

ओडेलने मला बाकावर ठेवले आणि दोन्ही हातांनी आईला मिठी मारली.

ट्रेमेन मागून येत होता. मला बघून तो थबकला. जिन्यातून पोरे ओरडली, "उचल ना! बघतोस काय?" त्याने मान खाली घातली आणि मला उचलले.

कोचपुढे आई म्हणाली, "साहेब, मीच म्हटलं त्याला, नीट भेट म्हणून."

कोचने टोपी काढली. "बाई, वाईट वाटतंय. पण सगळी पोरं बघतायत माझ्याकडे."

बाहेर आल्यावर ती लेकाला एवढेच म्हणाली, "मी यायलाच नको होतं रे."

शनिवारी ट्रेमेन पळाला आणि मैदान उठून उभे राहिले. ओडेल बाकावरच राहिला, त्या दिवशी आणि पुढेही. हंगाम संपण्याआधीच संघ सोडून तो हेल्मेट परत द्यायला सामानखोलीत आला. पेटीत मी दिसलो. त्याने मला उचलून क्षणभर पूर्वीसारखे कुशीत धरले, मग दोन्ही हातांनी हलकेच परत ठेवले. तो पुन्हा आला नाही. आता माझ्यातली हवाही गेली आहे, आणि ती कोणी भरू नये असेच वाटते.

मित्रांनो, चेंडू जपायला शिकवणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. आम्ही कातड्याचे, आम्हाला टाकले तरी चालते. पण कोणाची आई भेटायला आली असेल, तर तेवढ्यापुरते तरी त्याचे दोन्ही हात मोकळे राहू द्या.