वासाच्या यंत्राची बातमी

साकीनाक्याच्या सिग्नलला बस अडकली की चेतना सरवदे फोन काढायची. विक्रोळीहून अंधेरीच्या ऑफिसला जाताना ही जागा ठरलेली. बाहेर लेथ मशीनची घरघर, वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या, आणि हातात ‘नवं काय, खरं काय’ हा ग्रुप. कुणीतरी तंत्रज्ञानाची बातमी टाकायचं आणि मग त्यावर दिवसभर वाद. उडणाऱ्या गाड्या, बोलणारे चष्मे, चंद्रावरची शेती. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं, तरी सगळे घरच्यासारखे भांडायचे.

चेतनाचं कामच पेटंट वाचायचं. कुणी म्हणालं, मी नवीन शोध लावला, की तो जगात आधी कुठे लिहून ठेवलेला नाही ना, हे ती शोधायची. त्यामुळे ग्रुपवर तिचा शब्द शेवटचा मानला जाई. तिला ते आवडायचं.

मार्चमधल्या एका सकाळी घाटकोपरच्या धवलने बातमी टाकली. एका परदेशी कंपनीने नाकाशी धरायचं यंत्र काढलंय. आत बारीक वीज सोडायची, की गुलाब नसताना गुलाबाचा वास. ज्यांना वास येणं बंद झालंय, त्यांनाही.

‘झकास! आता फोनवर बिर्याणी हुंगा, बिल वाचवा,’ धवलने खाली लिहिलं.

‘सोर्स?’ मुलुंडच्या केतनने विचारलं. तो दर बातमीला एवढंच विचारायचा.

मग ‘डोंगरपाडा’ नावाचं कुणीतरी आत आलं. फोटोच्या जागी एका टेकडीचं धूसर चित्र. या माणसाच्या लिहिण्यात ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. बोलून टाइप केल्यासारखं सगळं सलग.

‘हे यंत्र खरं आहे का आणि कधी मिळणार आणि गेलेला वास परत येतो असं लिहिलंय ते नीट वाचून सांगा’

‘पेटंट निघालंय म्हणजे काहीतरी असणारच ना यार,’ धवल म्हणाला.

दुपारी डबा खाता खाता चेतनाने तो मूळ कागद शोधून वाचला. आकृत्या सुरेख होत्या. एका माणसाचं अर्धं कापलेलं डोकं, नाकात जाणारी तार, मेंदूतल्या जागेला दिलेला बाण. तिने उत्तर लिहिलं.

‘एक तर हे पेटंट नाही, नुसता अर्ज आहे. दुसरं म्हणजे क्रियापदं बघा. तिकडे अशा अर्जात केलेला प्रयोग भूतकाळात लिहितात आणि नुसता कल्पनेतला प्रयोग वर्तमानकाळात. इथे सगळीकडे वर्तमानकाळ आहे. “वापरणाऱ्यास गुलाबाचा वास येतो.” येतो, आला नाही. म्हणजे अजून कुणालाही काही आलेलं नाही. ज्यांना वास येत नाही त्यांनी याच्या नादी लागू नये.’

खाली अंगठ्यांची रांग लागली. केतनने तर हात जोडले. डोंगरपाड्याने लिहिलं, ‘तुम्हाला काय कळतंय नादी लागणं म्हणजे काय असतं’

आणि ते नाव ग्रुपवरून दिसेनासं झालं.

पुढच्या आठवड्यात कागदासारख्या घडी होणाऱ्या टीव्हीवर वाद झाला, मग कृत्रिम मांसावर. चेतना लिहीत होती, पण प्रत्येक वेळी तिची नजर त्या धूसर टेकडीला शोधायची. तिने ते उत्तर परत काढून वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. तरी शेवटचं वाक्य तिला खुपत राहिलं. ते कुणाला लिहिलं होतं आपण?

शेवटी तिने शोधाशोध केली. वास गेलेल्या माणसांवर खरोखर झालेले प्रयोग, भूतकाळात लिहिलेले. ठरावीक वास रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, महिनोन्‌महिने. काहींना थोडं परत मिळालं होतं. तिने डोंगरपाड्याला वेगळा मेसेज केला, ‘माझं बोलणं लागलं असेल तर सॉरी. यंत्र नाही, पण दुसरं काहीतरी सापडलंय. सांगू का?’

उत्तर आवाजात आलं. तिने फोन कानाला लावला आणि दचकलीच. इतके दिवस तिच्या मनात एक चिडका, चष्मेवाला पोरगा होता. हा आवाज साठीच्या बाईचा होता, किंचित घोगरा, मागे कुकरची शिट्टी.

“मी वनमाला परब. भांडुपला टेंभीपाड्यात राहते. त्या मोठ्या साथीत ताप इलो आणि नाक गेला बघ माझा. सगळे म्हणाले, येईल, येईल. नाय इलो. आणि मी मसाले करून विकते गो! आता तुका काय सापडला ता फोनवर नको सांगूस, माका लिहिलेला नीट कळत नाय नि ऐकलेला ध्यानात ऱ्हवत नाय. घरी ये.”

रविवारी चेतना भांडुपला गेली. डोंगराच्या अंगावर चढत गेलेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंनी निळे-हिरवे दरवाजे, आणि एप्रिलचं ऊन इतकं पांढरं की घरं त्यात तरंगतायत असं वाटावं. गच्चीवर चटयांवर मिरच्या वाळत पडल्या होत्या. खालच्या वस्तीवरून उजेड लहरत वर येत होता आणि त्या लाल चटया किंचित हलल्यासारख्या दिसत होत्या.

वनमालाबाई बुटक्या आणि चपळ. त्यांनी तिला पाणी दिलं, वर-खाली पाहिलं.

“तूच काय ती क्रियापदवाली?”

“हो मावशी.”

“माका वाटला, कोणतरी टकलो मास्तर असात.”

दोघी हसल्या. सून अक्षता आतून सरबत घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “मी सांगते यांना, आता बंद करा. मागच्या वर्षी अख्खी खसखस करपली, यांना कळलंच नाही. गिऱ्हाईकं तोंडावर बोलत नाहीत, पण परत येत नाहीत.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. तिला शिफ्टला जायचं होतं, ती गेली.

वनमालाबाई चुलीशी बसल्या. “मिरची मी रंगावर भाजते. धणे आवाजावर. पण खसखस, दगडफूल, मिरी… ह्यांचा काय दिसणा नाय आणि ऐकू येणा नाय. नाकच लागता.” त्यांनी लोखंडी कढईत दगडफूल टाकलं. “तू आता हुंग आणि काय येता ता सांग.”

“मी?”

“तुझा नाक चालू आसा ना?”

चेतना वाकली. “येतोय वास. छान आहे.”

“छान म्हणजे काय? छान असो वास नसता. लोकांच्या कागदात चुका काढतंस, मग जरा नीट सांग.”

तिने डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा ती वासासाठी शब्द शोधत होती. “ओल्या भिंतीवर ऊन पडल्यासारखा.”

“जावक नाय अजून. ढवळ.”

“आता… पेन्सिलीला टोक काढल्यासारखा.”

“येता हां, जवळ येता.” वनमालाबाईंचेही डोळे मिटलेले. त्या चेतनाच्या शब्दांमागून कुठेतरी चालत होत्या, ओळखीच्या बोळातून अंधारात चालावं तसं.

“आता लाकडी कपाट उघडल्यासारखा, आत जुनी रेशमी साडी…”

“उतर! उतर म्हणते ना!”

चेतनाने फडक्याने कढई उचलली. वनमालाबाईंनी दगडफुलाची एक पाकळी चिमटीत चुरली, बोटांवर पाहिली आणि मान डोलावली. मग त्यांनी कढईत मिऱ्या टाकल्या.

दुपार अशीच गेली. कढईमागून कढई. वाफेत, धुरात, उन्हाच्या तिरप्या पट्टीत मसाल्याची धूळ सोन्यासारखी फिरत होती. चेतनाला आपण कुठे आहोत, किती वेळ झाला, काही कळेना. ती बोलत होती आणि तिचे शब्द समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर जाऊन बसत होते. जायफळाला ती म्हणाली, “थंडीत गोधडीत तोंड खुपसल्यासारखं,” तेव्हा वनमालाबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

शेवटचं पातेलं झाकून ठेवल्यावर दोघी उंबऱ्याशी बसल्या.

“खरा सांगू? स्वप्नात माका वास येता,” वनमालाबाई म्हणाल्या. “आमचे हे गिरणीत होते, धाकू परब. गिरणी बंद पडली तसे इथे खाली पेपराच्या गोदामात लागले. जाऊन खूप वर्सा झाली. पण स्वप्नात ते दारात उभे ऱ्हवतत. तोंड दिसणा नाय. नुसतो वास येता, मशीनच्या तेलाचो आणि सुताचो. पहिल्यासारखो, भरून. मी म्हणते, आत या. ते हसतत. मग मी जागी होते आणि घर कोरा.”

चेतनाच्या लक्षात आलं की त्या वर्तमानकाळात बोलत होत्या. उभे राहतात. वास येतो. हसतात. ज्या काळाला तिने ग्रुपवर खोटं ठरवलं होतं, तो इथे उंबऱ्यावर तिच्या शेजारी येऊन बसला होता. ती म्हणाली, “मावशी, मी तिथे चुकीचं नव्हतं लिहिलं.”

“नव्हतंस. म्हणून तर राग इलो.”

मग चेतनाने आपल्याला सापडलेला उपाय सांगितला आणि मसाल्याच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या. एकीत लवंगा, एकीत लिंबाची साल, एकीत निलगिरीचं तेल लावलेला कापूस. चौथीत गुलाब हवा होता. वनमालाबाई म्हणाल्या, “गुलाब कोण हुंगता? तिरफळं घाल, माशाच्या आमटीतली.” सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली नाकाशी धरायची आणि तो वास मनात आणायचा प्रयत्न करायचा. येवो न येवो.

डोंगरपाडा ग्रुपवर परत आला, या वेळी आपलं नाव-गाव सांगून. आता तिथे नवीच मालिका सुरू झाली.

‘आज काही आलं नाही’

‘आज पण नाही’

‘लवंगेच्या बाटलीत गरम वाटलं वास नाही पण गरम’

केतनने लिहिलं, ‘ते वासाचं नाही काकू. चेहऱ्याची एक वेगळी नस असते, तिला लवंगेची झणझण कळते.’

‘नस कुठली का असेना कोणतरी जागं आहे ना आत’

धवलने विचारलं, एकाच माणसावर केलेल्या प्रयोगाला विज्ञान म्हणायचं का. केतन म्हणाला, नाही. कुणी म्हणालं, का नाही. दिवसभर वाद पेटला, आणि शेवटी केतननेच लिहिलं, ‘पण काकू, उद्याचं कळवा.’ पावसाळा गेला, गणपती गेले. बातम्या येत-जात राहिल्या. लोक मात्र आधी टेंभीपाड्याची एक ओळ वाचायचे आणि मग कामाला लागायचे.

चेतना महिन्यातून दोनदा तरी भांडुपला जाई. तिचं स्वतःचं नाक बदलत चाललं होतं. ऑफिसच्या लिफ्टमध्ये, बसच्या रेक्झिनच्या सीटवर, आईच्या ओल्या केसांजवळ ती थबकायची आणि मनात शब्द जुळवायची. कधी ते मावशीला आवाजात पाठवायची. “आत्ता साकीनाक्याला लोखंड कापतायत. जिभेवर नाणं ठेवल्यासारखा वास.” पलीकडून उत्तर यायचं, “हां. पोचलो वास.”

जानेवारीत वनमालाबाई म्हणाल्या, फ्लेमिंगो बघूया, इतकी वर्सा भांडुपात राहून कधी गेले नाय. पूर्वेला पंपिंग स्टेशनच्या पुढे, मिठागरांच्या कडेने दोघी खाडीकडे निघाल्या. ओहोटी होती. चिखल दूरवर चकाकत पसरलेला, कडेला तिवरांची काळसर रांग आणि पलीकडे पाण्याच्या पातळ थरावर गुलाबी पक्षी, एवढे निश्चल की कुणीतरी ते तिथे रंगवून ठेवले असावेत. संध्याकाळचा उजेड खालून वर येत असल्यासारखा वाटत होता. कॅमेरे घेऊन आलेली काही माणसं रुमालाने नाक दाबून उभी होती.

वनमालाबाई चालता चालता थांबल्या. त्यांनी चेतनाचं मनगट धरलं.

“काय झालं?”

त्यांनी मान थोडी वर केली, पुन्हा श्वास घेतला. मग हळू म्हणाल्या, “घाण येता.”

“काय?”

“घाण येता गो! केवढी घाण!” आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. कॅमेरेवाले वळून बघू लागले.

चेतनाने खोल श्वास घेतला. “चिखलाचा ना? खारट, कुजलेल्या पाल्यासारखा?”

“नाय. तसो नाय.” वनमालाबाई कपाळाला आठ्या घालून लक्ष देत होत्या. “रबर जळल्यासारखो. आणि वर कायतरी गोड. आंबलेल्या फणसासारखा.”

चेतनाला रबर येत नव्हतं, फणसही नाही. तिने वाचलं होतं, परत येणारा वास पुष्कळदा वाकडातिकडा येतो, ओळखीच्या वस्तूचाही चेहरा बदलतो. तिने जपून सांगितलं, “मावशी, मला जो येतोय तो वेगळा आहे. तुमचा बहुतेक अजून—”

“तुझो तुझ्याकडे ठेव,” वनमालाबाई म्हणाल्या. “ह्यो माझो.”

पाण्यावरून एक पक्षी उठला, पंखांच्या आतला गडद लाल रंग क्षणभर दिसला, आणि तो थोडं पुढे जाऊन पुन्हा उतरला. मागोमाग वारा फिरला.

“गेलो वास,” वनमालाबाई म्हणाल्या. पण त्यांचा हात सुटला नाही. वारा ज्या दिशेला गेला होता तिकडे तोंड करून त्या उभ्या राहिल्या, आणि चेतनाही त्यांच्या शेजारी तशीच उभी राहिली.