तनुजाबाईंच्या नावाची पैठणी

अधिकारी कुणाकडून काय घेतात, यावर नजर ठेवणाऱ्या दक्षता कार्यालयात तनुजा तपासनीस होती. ‘मुलीच्या लग्नात आहेर घेणार नाही,’ असं अभियंता सोमनाथरावांनी न मागता लिहून दिलं, तेव्हाच तिला वास आला. फुकटचा प्रामाणिकपणा तिनं कधी जमेला धरला नव्हता. ती चितेगावच्या मांडवात जाऊन बसली. आहेर करणाऱ्याचं नाव इथं माइकवर पुकारतात. एका जरी ठेकेदाराचं नाव आलं की चौकशी पक्की.

माइकवाला म्हणाला, “दक्षता कार्यालयाच्या तनुजाताईंकडून नवरीला पैठणी.”

सोमनाथराव शेजारी टेकले. “आता तुम्ही घरच्या पाहुण्या. चौकशी तुमच्याकडं राहील व्हय?”

तनुजा उठली, थेट माइकपाशी गेली. “पैठणी माझी नाही. ज्यांची असेल त्यांनी परत न्यावी.”

मग रामहरी ठेकेदाराची बायको म्हाळसाबाई तरातरा पुढं आली. “आमची हाय. लई हौसेनं पैठणहून आणली. आधी आमचं नाव पुकारू दिलं नाय, अन् आता हिच्या नावावर खपवता?”

रामहरी तिचा पदर ओढत होता. माइक चालूच होता.